वण फुगलाय, वाढतोय : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात टाके काढल्यावर जखमेची काळजी कशी घ्यायची ते लिहिताना केलॉइडचा, म्हणजे जखमेची हद्द सोडून वाढत जाणाऱ्या वणाचा, नुसता एका ओळीत उल्लेख केला होता, आणि महिनाभर मेलमध्ये तेवढंच येतंय, फोटोसकट. म्हणून या वेळचं सगळं सदर फुगलेल्या वणांवरच आहे. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न : डॉक्टर, मी २६ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी कानाच्या पाळीला दुसरं भोक पाडलं, ते महिनाभर चिघळलं, मग बरं झालं असं वाटलं आणि पाचसहा महिन्यांनी तिथे छोटी गाठ आली. गोटीएवढी झाल्यावर एका डॉक्टरांनी कापून काढली. वर्षाच्या आत परत आली आणि आता आधीपेक्षा मोठी आहे, पाळीच्या मागे पण आलीय. केस मोकळे सोडूनच बाहेर जाते. परत कापायची का?

उत्तर : ताई, नुसती कापायची नाही. हे मी सगळ्यात आधी लिहितेय कारण तुमच्यासारखे निदान दहा तरी मेल आहेत आणि प्रत्येकात गोष्ट तीच आहे, कापली, बरं वाटलं, परत आली, मोठी होऊन आली. यात तुमची काही चूक झाली नाही, तुम्ही पथ्य पाळलं नाही वगैरे असं काही नसतं.

केलॉइड म्हणजे जखम भरायचं काम ज्या पेशी करतात त्यांना थांबायचं कळत नाही. एरवी जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे कोलॅजनचे धागे विणतात, भोक बुजलं की काम आवरतं घेतात, मग वर्षभर हळूहळू जास्तीचे धागे काढून टाकून वण सपाट होत जातो. केलॉइड होणाऱ्या त्वचेत हे आवरतं घेणंच होत नाही, धागे विणत राहतात, आणि जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या त्वचेत शिरतात. आता अशा त्वचेवर तुम्ही गाठ कापलीत म्हणजे त्याच पेशींना नवी आणि आधीपेक्षा मोठी जखम दिलीत. नुसत्या ऑपरेशननंतर केलॉइड परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अहवालांत ४५ पासून थेट १०० टक्क्यांपर्यंत दिलेलं आहे, त्यामुळे पुढचं काही न ठरवता कापणं मला अजिबात पटत नाही.

पण घाबरू नका, कानाची पाळी ही त्यातल्या त्यात बरी जागा आहे. छाती किंवा खांद्यासारखी तिथली त्वचा सतत ताणली जात नाही आणि पाळीला दोन्ही बाजूंनी दाब देता येतो. तुमची गाठ पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे आहे म्हणता, ती बहुतेक डंबेलसारखी असेल, दोन गाठी आणि मध्ये भोकातून जाणारा दांडा. ऑपरेशन करायचं तर तो दांडाही निघायला लागतो, नुसतं पुढचं तासून उपयोग नाही. आणि ऑपरेशनच्या आधीच पुढचं सगळं ठरलेलं हवं, म्हणजे गाठ काढताना किंवा टाके काढताना स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग दर चार ते सहा आठवड्यांनी परत इंजेक्शन असं काही महिने, आणि जखम पूर्ण भरली की दाब देणारं क्लिपचं कानातलं, रोज निदान रात्रभर, सहा महिने ते वर्षभर. क्लिप इतकी घट्ट नको की पाळी दुखेल किंवा पांढरी पडेल. फार हट्टी गाठ असेल तर काढल्यावर लगेच, म्हणजे एक ते तीन दिवसांच्या आत, रेडिएशनचे थोडे डोस देतात, त्याने परत येण्याचं प्रमाण बरंच खाली येतं, पण तुम्ही तरुण आहात त्यामुळे तो पर्याय शेवटचा ठेवा आणि सविस्तर बोलून मगच ठरवा.

आधी गाठ काढली त्या डॉक्टरांचे कागद असतील तर सोबत न्या. गाठ तपासायला पाठवली होती का, नंतर इंजेक्शन दिलं होतं का, हे नव्या डॉक्टरांना कळायला हवं. आणि केस मोकळे सोडून बाहेर जाते हे वाचून वाईट वाटलं. ही गाठ लपवण्यासारखी गोष्ट नाहीये, पण तुम्हाला ती नकोय हे पुरेसं कारण आहे उपचार करायला, कुणी ‘एवढंसं तर आहे’ म्हटलं तरी.

प्रश्न : माझं वय ५८. दहा महिन्यांपूर्वी बायपास झाली. छातीवरचा वण लाल आहे, वर आलेला आहे आणि खाज इतकी की रात्री झोपेत खाजवतो. शुगर आहे. हे केलॉइड का? आपोआप जाईल का?

उत्तर : काका, फोटोवरून नक्की सांगता येत नाही, पण ओळखायची खूण सांगते. फुगलेले वण दोन जातीचे असतात. एक हायपरट्रॉफिक, हा फुगतो, लाल होतो, खाजतोही, पण जिथे चिरा होता त्याच रेषेत राहतो. साधारण महिन्यादोन महिन्यांत दिसायला लागतो, काही महिने वाढतो, मग थांबतो आणि वर्षदीड वर्षात थोडाथोडा बसत जातो. दुसरा केलॉइड, तो उशिरा पण येतो, कधीकधी वर्षानंतरही, आणि रेषा सोडून बाजूला पसरतो. छातीवर तर दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखा आडवा वाढतो कारण हात हलवताना त्वचा आडवी ओढली जाते. आणि तो आपोआप जात नाही.

तर आता एक करा, बॉलपेनने वणाच्या दोन्ही कडा कागदावर छापून घ्या किंवा शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, महिन्याने परत काढा. रुंदी तेवढीच असेल तर काळजीचं कारण कमी. रुंदी वाढतेय असं दिसलं तर वाट बघत बसू नका.

खाज येते ती मनाची नाही, वणात हिस्टामिन, म्हणजे खाज आणणारं रसायन, सोडणाऱ्या पेशी जास्त असतात. अँटिहिस्टामिन गोळीने रात्रीची खाज कमी होऊ शकते, ती तुमच्या बाकीच्या औषधांशी जमते का हे डॉक्टरांना विचारून घ्या. सिलिकॉनची पट्टी लावायला सुरुवात करा, रोज बारा तास तरी, निदान तीन महिने. पट्टी रोज धुवायची, खालची त्वचा धुऊन कोरडी करायची, नाहीतर घामाने पुरळ येतं आणि लोक पट्टीच सोडून देतात. अंगात मऊ सुती बनियन घाला म्हणजे शर्टाची बटणं वणावर घासणार नाहीत.

शुगरबद्दल : वणात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायची वेळ आली तर नंतरचे काही दिवस साखर वाढू शकते. घ्यायचंच नाही असं नाही, पण डॉक्टरांना आधी सांगा आणि त्या आठवड्यात घरी साखर जास्त वेळा तपासा. आणि वणातून पाणी किंवा पू आला, एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखलं, खोकताना छातीचं हाड हलतंय किंवा कट्कन वाजतंय असं वाटलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे नाही, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी जा.

प्रश्न : हा कॅन्सर आहे का? घरात इतरांना होईल का?

उत्तर : नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाँ-लुई आलिबेर नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी याचं वर्णन केलं तेव्हा आधी कॅन्सरशी नातं सांगणारं नाव दिलं होतं, पण लोकांचा गोंधळ नको म्हणून पुढे त्यांनीच ते बदललं आणि खेकड्याच्या नांगीवरून आजचं नाव ठेवलं, कडेने नांग्या फुटल्यासारखा पसरतो म्हणून. स्पर्शाने पसरत नाही, टॉवेल वापरल्याने होत नाही. घराण्यात मात्र असतो, आईवडिलांपैकी कुणाला असेल तर मुलांनी सांभाळून राहावं, कान टोचणं वगैरे विचार करूनच. सावळ्या आणि काळ्या त्वचेत जास्त होतो आणि दहा ते तीस या वयात सगळ्यात जास्त.

एक मात्र, जिथे कधीच लागलं नव्हतं, पुळी नव्हती, लस नव्हती, अशा जागी कडक गाठ आली आणि वाढतेय, किंवा जुन्या गाठीवर अचानक जखम होऊन रक्त येतंय, तर केलॉइड समजून घरी थांबू नका. क्वचित दुसरंच काही केलॉइडसारखं दिसतं आणि ते तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मला खांद्यावर तीन केलॉइड आहेत, डॉक्टर इंजेक्शन म्हणतायत. नेटवर वाचलं की खूप दुखतं. किती दुखतं ते खरं सांगा. आणि किती वेळा?

उत्तर : दुखतं. पहिल्या एकदोन वेळेला सगळ्यात जास्त, कारण तेव्हा गाठ सगळ्यात कडक असते. मी रोज देते त्यामुळे काय होतं ते सांगते म्हणजे मनाची तयारी होईल. औषध ट्रायमसिनोलोन, दुधासारखं पांढरं असतं, खाली बसतं म्हणून बाटली हलवून घ्यावी लागते. सुई केसासारखी बारीक. पण गाठ आतून रबरासारखी घट्ट असते, औषध आत शिरतच नाही, अंगठ्याने इतका जोर लावावा लागतो की साध्या सिरिंजची सुई निसटून औषध तोंडावर उडतं, म्हणून सुई फिरवून लॉक होते ती सिरिंज घेतो. औषध आत गेलं की गाठ डोळ्यांसमोर पांढरीफटक पडते, ते बघून आम्हाला कळतं की बरोबर थरात गेलं. तो पांढरा होण्याचा क्षण, तेव्हाच जास्त दुखतं, दहापंधरा सेकंद कळ येते, मग ठणका राहतो आणि तो बहुतेकांचा संध्याकाळपर्यंत जातो.

कमी दुखावं म्हणून काय मागू शकता : औषधात बधिर करणारं औषध मिसळून द्या म्हणा, आधी बर्फ लावा म्हणा. अजून एक युक्ती आहे, गाठीवर लिक्विड नायट्रोजन, जे उणे १९६ अंश थंड असतं, ते काही सेकंद मारायचं, मग दहापंधरा मिनिटं थांबायचं, गाठीला सूज येऊन ती मऊ पडते आणि मग औषध आत सहज जातं. फक्त सावळ्या त्वचेवर नायट्रोजनचा पांढरा डाग बराच काळ राहू शकतो, हे आधी सांगायला हवं आणि घाईत ते राहून जातं.

किती वेळा, तर दर चार ते सहा आठवड्यांनी, आणि साधारण चारपाच वेळा तरी, कधी त्याहून जास्त. आधी खाज आणि दुखणं जातं, मग गाठ मऊ लागते, मग बसायला लागते. या क्रमाने होतं हे माहीत नसलं की लोक दुसऱ्या इंजेक्शननंतर ‘आकार तेवढाच आहे’ म्हणून सोडून देतात आणि मला फार हळहळ वाटते, कारण नेमकं तेव्हाच काम सुरू झालेलं असतं. स्टेरॉइडला दाद देत नसेल तर त्यात फाइव्ह-एफयू मिसळून देतात, मूळचं कॅन्सरचं औषध आहे पण इथे अगदी थोडं आणि गाठीपुरतं वापरतात, नाव ऐकून घाबरू नका. दिवस गेलेले असतील किंवा प्रयत्न चालू असतील तर मात्र ते चालत नाही.

दुष्परिणाम पण ऐका. गाठीभोवतीची त्वचा पातळ होणं, खड्डा पडणं, रंग उडणं, बारीक लाल शिरा दिसणं, बायकांची पाळी एखाद्या महिन्यात मागेपुढे होणं. रंग बरेचदा महिन्यांनी परत येतो. खड्डा पडतोय असं दिसलं की डोस कमी करायचा, त्यामुळे प्रत्येक वेळी आधीचा फोटो दाखवा. आणि खरं सांगायचं तर गाठ सपाट झाली तरी तिथली त्वचा बाजूच्या त्वचेसारखी होत नाही. सपाट, मऊ, न खाजणारा वण, एवढं मिळालं तर ते यश समजायचं.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी गरम पाणी सांडून हात भाजला, जखम भरायला पाच आठवडे लागले. आता वण जाड, लाल झालाय. घट्ट बाही घालायला दिलीय, चोवीस तास. तो रडतो, काढून फेकतो. रात्री मीच काढून टाकते, बघवत नाही. नाही घातली तर काय होईल?

उत्तर : ताई, तुमची चिठ्ठी मी दोनदा वाचली. भाजलं त्या दिवसापासून तुम्ही काय सोसलं असेल ते कळतंय, त्यामुळे रात्री बाही काढली म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

भाजलेली जखम तीन आठवड्यांच्या आत भरली तर वण फुगायची शक्यता कमी असते, त्याहून जास्त वेळ लागला की बरीच वाढते, तुमच्या मुलाचं तेच झालंय. हा बहुतेक हायपरट्रॉफिक प्रकार आहे, म्हणजे पुढे निवळणारा, पण निवळायला वर्ष, दोन वर्षं लागतात आणि तोपर्यंत खरी भीती दिसण्याची नसून आखडण्याची असते. वण कोपरावर किंवा मनगटावर असेल तर तो आखडत जातो आणि हात पूर्ण सरळ होईनासा होतो, मुलाचं हाड वाढत असतं, वण वाढत नाही. म्हणून बाहीइतकाच, माझ्या मते बाहीपेक्षाही जास्त, व्यायाम महत्त्वाचा. फिजिओथेरपिस्टने जो ताण द्यायला शिकवलाय तो रोज, खेळत खेळत, भिंतीवर उंच हात नेऊन स्टिकर लावायला सांगा, चेंडू वर फेकायला सांगा.

आता बाही. २३ तास घालायला सांगतात, अंघोळ आणि मालिशीपुरती काढायची. पण आधी हे बघा की तो का काढतोय. चार महिन्यांत मूल वाढतं, बाही तोकडी होते, काखेत किंवा कोपराच्या आत काचते. ती उलटी करून शिवण बघा, आणि काढल्यावर त्वचेवर लाल वळ किती वेळ राहतो ते बघा. बोटं निळी किंवा गार पडत असतील, मुंग्या येतात म्हणत असेल तर ती फार घट्ट आहे, लगेच बदलून घ्या. आणि उलट फार सैल झाली असेल तर घालून उपयोगच नाही. दर दोनतीन महिन्यांनी माप परत घ्यायला हवं हे अनेक घरांत कुणी सांगितलेलंच नसतं.

खाज हे रडण्याचं दुसरं मोठं कारण. बाही घालायच्या आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून बोटाने गोल गोल, वण पांढरा पडेल इतपत दाबून पाच मिनिटं मालिश करा, दिवसातून तीनचार वेळा, जखम पूर्ण भरलेली असेल तिथेच. रात्री खाजेचं औषध मिळतं, मुलांच्या डॉक्टरांना विचारा. दोन बाह्या करून घ्या, एक धुवायला एक अंगात. त्यातल्या एकीवर त्याला हवं ते चित्र काढू द्या. आज चार तास, पुढच्या आठवड्यात आठ, असं वाढवत नेलं तरी चालेल, अजिबात न घालण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि वर्षभर उन्हापासून जपा, ताज्या वणाला ऊन लागलं की तो काळा पडतो.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, छातीवर आणि पाठीवर पिंपल्सचे केलॉइड झालेत, सातआठ. त्यावर टॅटू काढला तर झाकले जातील का?

उत्तर : नको रे बाबा, हे अजिबात करू नकोस. टॅटू म्हणजे हजारो बारीक सुया टोचणं, आणि तुझी त्वचा एका पिंपलवर केलॉइड करते. सगळ्या टॅटूच्या आकाराचा केलॉइड झालेला मी पाहिलाय.

तुझ्या बाबतीत आधी पिंपल्स थांबवायला हवेत, कारण जुन्या गाठींवर उपचार करत बसलो आणि नवीन पुळ्या येत राहिल्या तर आपण नेहमी मागेच राहणार. त्वचेच्या डॉक्टरांना ‘मला पिंपलचे केलॉइड होतात’ हे पहिल्याच वाक्यात सांग, मग ते पिंपल्सची औषधं लवकर आणि जोरात सुरू करतील. फोडू नकोस, छातीवरचे केस वस्तऱ्याने काढू नकोस, जिममध्ये पट्ट्याची बॅग घासत असेल तर बदल. आहेत त्या गाठींना इंजेक्शन, लहान आणि नव्या असतील तितक्या लवकर बसतात. शर्ट काढायची लाज वाटते असं तू पुढे लिहिलंयस, ते मी इथे छापत नाहीये पण वाचलंय, आणि हे पण डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे.

प्रश्न : व्हिटॅमिन ई कॅप्सूल फोडून लावली तर? कांद्याच्या अर्काचं जेल?

उत्तर : व्हिटॅमिन ई मी लावू देत नाही, फायदा सिद्ध नाही आणि काहींना त्याची ॲलर्जी येऊन वण अजून लाल होतो. कांद्याच्या अर्काच्या जेलने फार अपाय नाही पण पुरावा कमजोर आहे. पैसे खर्च करायचेच तर सिलिकॉनवर करा. तयार झालेला मोठा केलॉइड मात्र कुठल्याच मलमाने जात नाही.

प्रश्न : पहिल्या सिझेरियनचा वण जाड झाला होता. आता सातवा महिना आहे, परत सिझेरियनच करावं लागेल म्हणतात. वण पण वाढल्यासारखा वाटतोय. आत्ता काही करता येईल का?

उत्तर : गरोदरपणात असे वण वाढतात, खाज पण वाढते, तुम्हाला वाटतंय ते खरं आहे. आत्ता इंजेक्शनं वगैरे नको, सिलिकॉनची पट्टी आणि मऊ कपडा एवढंच. पण पुढच्या भेटीत एक काम करा, तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना वण दाखवून विचारा की ऑपरेशनच्या वेळी जुना वण काढून त्वचा नव्याने, ताण न येईल अशी शिवता येईल का. बऱ्याचदा येतं, फक्त त्या दिवशी घाईत कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून फाईलवर लिहूनच घ्या. घरी आल्यावर खपली पूर्ण गेली, जखम कोरडी झाली, साधारण दोनतीन आठवडे, की लगेच सिलिकॉन सुरू, वण फुगायची वाट बघायची नाही. आणि दीडदोन महिन्यांनी बाळाच्या लसीसाठी जाल तेव्हा तुमचा वण पण त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. बाळाच्या गडबडीत आईचं राहून जातं, तर ती तारीख आत्ताच कुणाला तरी लक्षात ठेवायला सांगा.